चालू मॉनिटर बंद पाडणारे गुरू

एकदा एक गुरू होते आणि त्यांचा एक शिष्य होता, असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लगेच वडाचे झाड येते, पांढरी दाढी येते आणि पायाशी हात जोडून बसलेला नम्र बटू येतो. या गोष्टीत यातले काहीही नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुरकुर नको. आमचे गुरू म्हणजे कराडचे शिराळकर सर. तंत्रनिकेतनात त्यांनी आयुष्यभर इलेक्ट्रॉनिक्स शिकवले, दाढी रोज नेमाने गुळगुळीत केली, आणि निवृत्त झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकून लोकांची बिघडलेली यंत्रे पाहू लागले. शिष्याचे नाव धैर्यशील. पदविका घेतलेला, हाताचा विलक्षण चपळ, स्वतःचे कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान काढायच्या तयारीत असलेला हा तरुण सरांकडे बारकावे शिकायला येत असे. धैर्य म्हणाल, तर ते फक्त नावात होते. कुठलीही गोष्ट त्याला ताबडतोब व्हायला हवी असे.

एका रविवारी सकाळी या दोघांना प्रमिलाताई खराडे यांच्याकडून बोलावणे आले. लॅपटॉपला जोडलेला मोठा मॉनिटर काळा पडला होता आणि तो दुपारी चारच्या आत सुरू व्हायला हवा होता.

आता तुम्ही म्हणाल, मॉनिटर तो, आज नाही तर उद्या सुरू होईल, त्यात जीव टांगणीला लागण्यासारखे काय आहे? तेच सांगतो. प्रमिलाताई लहान असताना तापात त्यांचे दोन्ही कान गेले. तोवर त्या बोलायला शिकल्या होत्या, म्हणून बोलत. आवाज जरा जाडसर, सपाट यायचा, एवढेच. समोरचा माणूस तोंडासमोर बसून सावकाश बोलला तर ओठांवरून त्यांना बरेचसे कळे. पण आपल्याकडे सावकाश बोलायला वेळ कुणाला आहे? एकदा सांगून कळले नाही की लोक दुसऱ्यांदा ओरडून सांगतात आणि तिसऱ्यांदा 'जाऊ दे' म्हणून हात झटकतात. त्या 'जाऊ दे'ची बाईंनी इतकी धास्ती घेतली होती की न कळलेल्या गोष्टीलाही त्या मान डोलावून मोकळ्या होत. माणूस खूश, काम पुढे सरकले, आणि आत काय गेले? काही नाही.

या मान डोलावण्याने एकदा घात केला होता. नवरा लवकर गेला, शिवणकाम करून त्यांनी एकुलत्या ऋतुजाला शिकवले. तिच्या लग्नाची पहिली बोलणी झाली तेव्हा मुलाकडची माणसे भराभर बोलत होती आणि प्रमिलाताई मान डोलावत होत्या. पुढे कळले की लग्नानंतर मुलीने नोकरी सोडायची, याला त्यांनी सगळ्यांदेखत रुकार दिला होता. लग्न मोडले. आणि वर 'शब्द फिरवला' हा डाग लागला तो बिचाऱ्या बाईंना. त्यानंतर कित्येक दिवस त्या कुणाच्या दारात गेल्या नाहीत.

आता ऋतुजा जर्मनीत हॅम्बुर्गला नोकरी करत होती. तिथलाच अनिरुद्ध तिला आवडला होता. त्याचे आईवडील बडोद्याचे, जुने मराठी घराणे. बैठक ठरली ती व्हिडिओवर, दुपारी चार वाजता. ऋतुजाने आईला बजावून सांगितले होते, "या वेळी कोण काय बोलतंय ते मी तुला हातानं सांगत राहीन. तुला कळल्याशिवाय काहीही ठरणार नाही." मायलेकींची खुणांची एक भाषा होती. ऋतुजा पाळण्यात होती तेव्हापासून ती घडत आलेली. पण अडचण डोळ्यांची होती. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा पिकत आलेला. लॅपटॉपच्या स्क्रीनवर सगळ्यांचे चौकोन एकदम आले की ऋतुजाची बोटे मटकीच्या मोडाएवढी दिसत. म्हणून तर मागच्या खेपेस आली तेव्हा ऋतुजाने हा मोठा मॉनिटर आणून जोडून दिला होता. तो चालला तर प्रमिलाताई आपल्या मुलीच्या लग्नाच्या बोलण्यात असणार होत्या, नाही तर नुसत्या हजर राहणार होत्या.

दोघे पोहोचले. टेबलावर एका बाजूला शिवणयंत्र, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप आणि त्यामागे तो काळा मॉनिटर. कोपऱ्यात 'सिग्नल नाही' अशी पाटी क्षणभर येई आणि विझे. धैर्यशील चप्पल काढता काढताच टेबलाखाली शिरला. सर मात्र खुर्ची ओढून प्रमिलाताईंच्या समोर बसले आणि सावकाश म्हणाले, "शेवटचा नीट कधी चालला होता?"

"दसऱ्याच्या आदल्या दिवशी," बाई म्हणाल्या. "मग ऋतुजा कामानं फिरतीवर गेली. परवा लावला, तर हा असा."

"आणि मधल्या काळात?"

"मधे काय? इथंच होता. कुणी हात लावला नाही."

सर पुढे काही विचारणार, तेवढ्यात टेबलामागून आरोळी आली, "सर, झालं की!"

आणि खरेच झाले होते. मॉनिटर लख्ख उजळला होता. त्यावर ऋतुजाचा फोटो, भिंतभर हसणारा. प्रमिलाताईंनी दोन्ही हात तोंडावर नेले, आणि मग धैर्यशीलच्या डोक्यावरून फिरवून कानशिलावर कडाकडा बोटे मोडली. बेसनाच्या लाडवांचा डबाच त्याच्या पुढ्यात आला.

"काय काय केलंस?" सरांनी विचारले.

धैर्यशीलने लाडू गालात ठेवूनच सांगितले. जुनी केबल काढून पिशवीतली नवी लावली. मॉनिटरचे बटण दाबून सोर्स, म्हणजे चित्र कुठल्या खाचेतून घ्यायचे ते, बदलून पाहिला. लॅपटॉपमध्ये पडदा चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, म्हणजे ड्रायव्हरचा, नवा अवतार घातला. रिझोल्यूशन खाली आणले. मग सगळे बंद करून पुन्हा सुरू केले आणि पिना दोन्हीकडून चांगल्या दाबून बसवल्या.

"छान. यातल्या कशानं चालू झाला?"

"कशानं तरी झाला की, सर. चालू झाल्याशी मतलब."

सर उठले. मॉनिटरपाशी गेले. आणि त्यांनी नवी केबल उपसून काढली. मॉनिटर काळा झाला. जुनी केबल पुन्हा लावली. सोर्स होता तिथे आणला, ड्रायव्हर पहिल्यासारखा मागे नेला, रिझोल्यूशन पूर्ववत केले. धैर्यशीलने जेवढे म्हणून केले होते तेवढे सगळे त्यांनी एकेक करून मोडून टाकले. ऋतुजाचा फोटो गेला तो गेलाच, आणि कोपऱ्यात पुन्हा 'सिग्नल नाही'.

धैर्यशीलच्या गालातला लाडू तसाच राहिला. आता सांगा, तुम्ही असता तर काय म्हणाला असता? म्हातारा भ्रमिष्ट झाला, हेच ना?

"ताई," सर बाईंकडे वळून म्हणाले, "चार वाजायला अवकाश आहे. मला हा बिघाड पुन्हा झालेला पाहायचाय."

प्रमिलाताईंनी मान डोलावली. चेहऱ्यावर मात्र काहीच उमटले नव्हते. सरांनी ते पाहिले, खुर्ची आणखी जवळ ओढली आणि तेच वाक्य पुन्हा, एकेक शब्द सुटा करून म्हटले. या वेळी ते कळले, आणि बाई अशा काही भडकल्या म्हणता!

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? सुरू झाला होता ना! माझ्या पोरीचं लग्न ठरतंय आज, आणि तुम्हाला बिघाड पाहायचाय?"

"आहे ठिकाणावर," सर शांतपणे म्हणाले. "मला थोडा वेळ द्या. नाही जमलं, तर या पोरानं केलं होतं ते सगळं जसंच्या तसं लावून देतो."

बाई तणतणत स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला. तो किती मोठा येतोय ते त्यांना ऐकू येत नव्हते, पण आम्हाला वाटते, आले असते तरी त्यांनी तो कमी केला नसता.

"आता एकेकच बदल करायचा," सर म्हणाले. "फरक पडला नाही, की तो मागे घ्यायचा आणि मगच दुसऱ्याला हात लावायचा."

धैर्यशीलने तोंड वाकडे करूनच सुरुवात केली. नुसती नवी केबल लावली. काळा. ती काढली. नुसता ड्रायव्हर बदलला. काळा. रिझोल्यूशन, सोर्स, एकेक करून सगळे झाले. मॉनिटर आपला काळाच. मघाशी ज्या गोष्टींचा त्याला अभिमान वाटत होता त्यांपैकी एकीनेही काही केलेले दिसेना. हळूहळू त्याचे वाकडे तोंड सरळ झाले आणि कपाळाला आठी पडली.

"सर, मग मघाशी तो चालू झालाच कसा?"

"अरे वा!" सर हसले. "हा प्रश्न लाडू खाण्याआधी यायला हवा होता. पण आला ना, बास."

त्यानंतर मात्र त्या पोराला सांगावे लागले नाही. उत्सुकता ही मोठी लाघवी चीज आहे. एकदा मनात शिरली की माणूस तहान विसरतो आणि रुसवाही विसरतो. धैर्यशीलने स्वतःचा लॅपटॉप काढला आणि बाईंच्याच जुन्या केबलने त्याच मॉनिटरला जोडला. मॉनिटर झटक्यात उजळला. म्हणजे मॉनिटर ठीक, केबलही ठीक. राहिला बाईंचा लॅपटॉप. पुन्हा त्याला जोडून त्याने पिन अंगठ्याने किंचित वर उचलून धरली. उजेड! सोडली. अंधार. धरली. उजेड.

"सर, पिन पूर्ण आत जात नाहीये! मघाशी मी दाबली तेव्हा जेमतेम टेकली होती."

"का जात नाहीये?"

धैर्यशीलने मोबाइलचा टॉर्च लावून त्या अरुंद खाचेत डोळा घातला. बराच वेळ तो तसाच वाकून राहिला. मग चक्रावल्यासारखा म्हणाला, "आत पिवळं-लाल काहीतरी आहे. आणि मागं... सर, तांदूळ आहे."

सरांनी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन प्रमिलाताईंना दिसेल असा हात उंचावून हलवला. त्या आल्या. "ताई, दसऱ्याला याची पूजा केलीत?"

"केली की," बाईंचा राग अजून गेला नव्हता. "दरवर्षी यंत्राची करते, कात्रीची करते. यंदा याचीही केली. यंत्र मला जेवू घालतं. यात माझी पोर दिसते. मग याला नको का हळदकुंकू? मॉनिटरला वाहिलं, लॅपटॉपला चारी बाजूंनी वाहिलं. गंध लावलं, अक्षता टाकल्या, फूल ठेवलं."

मग त्या बोलता बोलता थांबल्या. टॉर्चचा उजेड कुठे पडलाय ते त्यांच्या लक्षात आले होते.

सरांनी लॅपटॉप पूर्ण बंद केला, चार्जर काढला आणि खाच खाली येईल असा तो आडवा धरला. धैर्यशीलने मऊ कोरडा ब्रश आणि लाकडी दातकोरणे घेऊन, अजिबात घाई न करता, आतले कोरून काढले. खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर वाळलेल्या हळदीच्या खपल्या पडल्या, कुंकवाची भुकटी पडली, आणि शेवटी अक्षतेचा अर्धा दाणा पडला. मग त्याने पिन लावली. ती शेवटपर्यंत आत गेली. लॅपटॉप सुरू केला, तशी ऋतुजा पुन्हा भिंतभर हसू लागली.

प्रमिलाताईंचे डोळे भरून आले. "माझ्याच हातानं बंद पाडला की हो मी."

"छे छे, ताई," सर म्हणाले. "पूजा बरोबरच होती. फक्त नैवेद्य तोंडात कोंबलात. पुढच्या वर्षी वरच्या झाकणाला एक बोट लावा, त्याला पोहोचेल." बाईंना हे पहिल्या झटक्यात कळले, आणि त्या रडता रडता हसल्या. जेवल्याशिवाय जायचे नाही, असा हुकूमही सुटला.

जेवताना धैर्यशीलने मनातली शंका काढलीच. "सर, एक विचारू? कारण कळलं ते उत्तमच. पण माझाही चाललाच होता की. तास-दोन तासांचा तर प्रश्न होता. तेवढा निघाला असता."

सरांनी भात कालवता कालवता उत्तर दिले. "निघाला असता, किंवा नसताही. तुलाही ते ठाऊक नव्हतं आणि मलाही. तू एकदम सगळं बदललंस. मॉनिटर लागला आणि तुझा शोध संपला. दोष मात्र होता तिथंच बसून राहिला, वर आता तो दिसेनासाही झाला. बंद पडलेलं यंत्र निदान खरं तरी बोलतं रे. नशिबानं चालू झालेल्या यंत्रावर मी विश्वास कसा ठेवू? म्हणून मी दोषाला परत बाहेर बोलावलं. म्हटलं, काय व्हायचं ते आत्ता हो, आम्ही दोघं रिकामे बसलोय. चार वाजता त्या बाईसमोर होऊ नकोस."

धैर्यशीलने पुढचा घास उचलला. पटले होते का? माझ्या मते अर्धेच. तरुण माणसाला एवढ्या बोलण्याने पूर्ण पटले, तर तो तरुण कसला?

चार वाजले. बाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती. सर आणि धैर्यशील कॅमेऱ्यात येणार नाहीत असे भिंतीशी बसले. मॉनिटरवर चौकोन उघडले. हॅम्बुर्गहून ऋतुजा आणि तिच्या शेजारच्या चौकोनात अनिरुद्ध, बडोद्याहून त्याचे आईवडील आणि एक काका. नमस्कार झाले, हवापाणी झाले. बोलणारा बोले, तशी ऋतुजाची बोटे भराभर हलत आणि प्रमिलाताईंचे डोळे त्या बोटांवर खिळून राहत. नोकरीचे ठरले, ती चालूच राहणार. लग्न कराडला करायचे ठरले. सगळे गोडीगुलाबीने चालले होते.

मग अनिरुद्धची आई हसतमुखाने काही म्हणाली. सरांना आणि धैर्यशीलला ते ऐकू आले, "कन्यादानाला मामा-मामी बसतील ना? ताईंना भटजींच्या सूचना कळायच्या नाहीत, मंडपात उगीच अवघडल्यासारखं होईल त्यांना." बोलण्यात वाईट हेतू नव्हता. काका "बरोबर, बरोबर" म्हणाले आणि लगेच जेवणाच्या पंक्तींवर गेले.

ऋतुजाचे हात उचलले गेले होते. ते हवेतच थबकले, मग हळूच खाली आले. तेवढे वाक्य तिने आईला सांगितले नाही.

आणि प्रमिलाताईंनी टेबलावर थाप मारली.

ऐकू न येणाऱ्या माणसांच्या घरात ही रीतच असते. समोरच्याचे लक्ष वेधायचे तर टेबल हादरवायचे. पण ही थाप साधी नव्हती. शिवणयंत्रावर घट्ट झालेला तळहात सगळ्या ताकदीने खाली आला होता. पेला लवंडला, लॅपटॉप जागचा उडाला, केबल लोंबकळत हलली. धैर्यशीलची नजर त्या पिनेवर गेली, त्याच पिनेवर, जी त्याने सकाळी जेमतेम टेकवून 'झालं की' म्हणून सोडली होती.

मॉनिटर लुकलुकलासुद्धा नाही.

"सर..." तो कुजबुजला.

"आत्ता नको," सर म्हणाले. "बाई बोलतायत."

बडोद्याला तो आवाज चांगलाच पोहोचला होता. पंक्ती जागच्या जागी थांबल्या होत्या. "तुझी बोटं थांबली," प्रमिलाताई आपल्या जाड, सपाट आवाजात लेकीला म्हणाल्या. "मी पाहिलं. त्या काय म्हणाल्या? मला सांग."

ऋतुजाने खाली मान घालून, एकेक खूण करत, सगळे सांगितले.

बाईंनी पदर सारखा केला. "माझी पोर आहे," त्या म्हणाल्या. "कन्यादानाला मी बसणार. भटजी काय म्हणतात ते ऋतुजा मला हातानं सांगेल. तरी नाही कळलं, तर मी त्यांना थांबवीन आणि विचारीन. मुहूर्त थोडा टळला तरी चालेल."

धैर्यशीलला वाटले, गेले, हेही लग्न मोडते. मग अनिरुद्धची आई खुर्चीतून पुढे सरकली. इतकी पुढे, की मॉनिटरवर तिचाच चेहरा मोठा दिसू लागला. तिने कपाळावरचे केस मागे सारले आणि एकेक शब्द सुटा करून, सावकाश म्हणाली, "चुकलं माझं. तुम्हीच बसा, विहीणबाई."

ऋतुजाने खुणा करायला हात वर केले. प्रमिलाताईंनी तिला हातानेच थांबवले.

"कळलं मला," त्या म्हणाल्या. "आता तारखेचं बोला."